चुन्याची पट्टी

घराला चुना लावायला काढला, की त्या ओल्या वासाने मला रहिमतपूरजवळचा काँक्रीटचा पूल आठवतो. लढाईचे दिवस होते. धरणीकंपानंतर मी ओव्हरसियर म्हणून पूल तपासायला गेलो आणि खांबाच्या भेगेवर चुन्याची पट्टी ओढली. ती तडकली, तर भेग वाढतेय असं समजायचं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर एक म्हातारी पट्टीवर ताजा चुना लिंपत होती. "आवं सायेब, तडकली व्हती, बुजवली. माजा ल्योक पलटणीतनं ह्याच पुलावरनं येनार हाय. आता पक्कं झालं न्हवं?" तिचा मुलगा लढाईत पडल्याची तार गावच्या पाटलांकडे आली होती, तिला सांगायला कुणी धजत नव्हतं. "व्हय," मी म्हणालो आणि पूल बंद असल्याची पाटी लावायला गेलो. आजही भिंत वाळली, की मी आधी तिच्यावर तडे शोधतो.