दिनकरच्या पेटीतल्या सहा ओळी

आजवर घराबाहेर कोणालाच न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखी ती राहून जाईल. सहा पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर माझ्या मुलीच्या, केतकीच्या, नावानं ज्या सहा ओळी आहेत, त्या तिनं लिहिलेल्या नाहीत. मी लिहिल्या आहेत, तिच्यासारखं गोल अक्षर काढून. ज्यानं त्या वाचाव्यात म्हणून लिहिल्या तो माझा मित्र दिनकर दीड महिन्यापूर्वी गेला. वर्ध्याच्या ऑफिसात दुपारचा डबा उघडला होता, तेवढ्यात त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचा, फोन आला. “भाऊजी, हे गेले.” एवढंच. आणि लिहायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला रडू आलं नाही... सुटल्यासारखं वाटलं. आता त्या ओळींबद्दल विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

आम्ही दोघं हिंगणघाटजवळच्या एकाच गावचे, एकाच बाकावरचे. आमच्याकडे बोलण्यात ळ येत नाही, त्याचा य होतो. शाळेची शाया, डोळ्याचा डोया. पाचवीत गुरुजींनी छड्या मारमारून मला ळ शिकवला, आणि त्या धास्तीनं मी नको तिथंही ळ घालायला लागलो. सातवीत, अक्षर बरं म्हणून, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लिहायचं काम मला मिळालं. मी खडूनं ठसठशीत लिहिलं, ‘सोळाबीनचे बियाणे आले आहे.’ दिनकर फळ्यासमोर पोट धरून हसला. “काऊन बे, सोळाच बीन? सतरावं कुठी गेलं?” तेव्हापासून मी त्याच्यासाठी जन्माचा सोळाबीन. पुढे मी सरकारी नोकरीला लागलो, टिपणी लिहायला लागलो, तरी घाईत ळ घुसायचाच आणि साहेब लाल गोल करून कागद परत पाठवायचे. दिनकरला सांगितलं की तो म्हणे, “जाऊ दे, साहेबाले काय माहीत सोळाबीन काय चीज आहे.”

दिनकरचे वडील हिंगणघाटच्या गिरणीत कामगार होते. त्यांनी पोराला मागे ठेवली ती एक पत्र्याची पेटी, पुस्तकांनी भरलेली. बौद्ध घर, वाचनाचा फार मान. त्या घरात एक रीत होती. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर नाव घालायचं आणि एक ओळ लिहायची. ‘छान आहे’ चालायचं नाही, मनाला काय लागलं ते लिहायचं. काही पुस्तकांवर त्याच्या वडिलांची ओळ, खाली आत्याची, त्याखाली दिनकरची, अशी उतरंड लागलेली असे. दिनकर एका जिनिंगमध्ये काट्यावर होता. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं, उतरली की पुस्तक उघडायचं. त्याच्या कुठल्याही पुस्तकातून आजही कापसाचा एखादा तंतू खाली पडतो.

त्याला मूल नव्हतं. केतकी दहा वर्षांची झाली त्या वाढदिवशी तो पेटीतलं एक पुस्तक घेऊन आमच्याकडे आला. “पोरगी तुही, पुस्तकं माही,” तो मला म्हणाला. “दर वाढदिवसाले एक देईन. वाचून ओळ लिहायची अन् मले वापस पाठवायचं. पेटीत जमा ठेवतो. तिले पोरंबायं झाले का पेटी तिची.” पहिलं पुस्तक एका मुलीच्या हरवलेल्या म्हशीचं होतं. केतकीनं ते दोन दिवसांत संपवलं आणि शेवटच्या पानावर लिहिलं, ‘म्हैस परत आली तेव्हा मी रडले. काका, दुसरं कधी देणार?’ मग महिनाभर घरात काका म्हणतात असं, काका म्हणतात तसं. मी तिला इंग्रजी शाळेत घातलं होतं, डॉक्टर करायचं ठरवलं होतं. पुढची पुस्तकं मी तिच्यापासून अडवली, त्याला लोकांना सांगायला अभ्यासाचं कारण चांगलं होतं, आणि मी स्वतःलाही तेच सांगितलं. पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या पोरीनं माझ्याकडे कधी काही वाचायला मागितलं नव्हतं, आणि मी कधी काही वाचलं नव्हतं. मला दिनकरचा हेवा वाटला.

पुढच्या वर्षी त्यानं दुसरं पुस्तक माझ्या हाती दिलं. ते मी घरी नेलंच नाही. ऑफिसच्या कपाटात ठेवलं. महिन्याभरानं त्याचं पहिलं पान चाळलं आणि दार लावून, केतकीची वही समोर धरून, एकेक अक्षर कोरत ओळ लिहिली. दिनकरचा लगेच फोन आला. “वाचली बे ओळ. पोरीले सांगजो, काका खूश आहे.” इतकं सोपं होतं ते. मग तिसरं, चौथं... केतकी सोळा वर्षांची होईपर्यंत. त्यानंतर त्यानं पुस्तक दिलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिनं सुरुवातीला एकदोनदा विचारलं, काकांनी पुस्तक नाही पाठवलं का? मी म्हणालो, काका कामात असतील.

एकदाच पकडला गेलो असतो. हिंगणघाटला एका लग्नात दिनकर समोर आला, केतकी माझ्या शेजारी, चौदा वर्षांची. “काय म्हनते पोरी, यंदाचं पुस्तक कसं वाटलं?”

“कोणतं पुस्तक, काका?”

माझ्या हातातला मठ्ठ्याचा पेला तिथंच थांबला. दिनकरनं माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एखादी गाडी काट्यावर स्थिर व्हायला लागते तेवढा वेळ. मग हसून म्हणाला, “शायेतलं म्हनतो मी, गनिताचं. लय अवघड असते म्हनते यंदा.” केतकी हसली, गणिताला शिव्या घालायला लागली. मला वाटलं, नशीब, त्याच्या लक्षात आलं नाही.

शेवटची भेट सेवाग्रामच्या दवाखान्यात. त्याची बोटं फार बारीक झाली होती. “पोरीले आनजो एकदा,” तो म्हणाला. केतकी तेव्हा नागपूरला कॉलेजात होती, तासा-दीड तासाची वाट. मी म्हणालो, परीक्षा आहे तिची. “असंन,” तो म्हणाला, आणि जरा थांबून, “तू वाचून राह्यला का काही?” मी म्हणालो, वेळ कुठं मिळतो. त्यानं डोळे मिटले. “वाचजो.” घरी येऊन मी केतकीला फोन केला, काका बरे आहेत म्हणून सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमानंतर सुमनवहिनींनी पेटी माझ्या हवाली केली. “केतकीच्या ओळी ते पुन्हा पुन्हा काढून वाचत,” त्या म्हणाल्या. “मले हात नसत लावू देत पेटीले. पोरीनं लय सुख दिलं त्याहिले.” मी मान हलवली. घरी येऊन पेटी उघडली. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माझी ओळ, ‘काका, तुमच्यामुळे मला वाचनाची सवळ लागली.’ (संपादकांना विनंती, हा शब्द दुरुस्त करू नये.) अक्षराच्या गोलाईकडे लक्ष देता देता मी सवयीची सवळ केली होती. दिनकरनं त्या शब्दाभोवती पेन्सिलनं गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘सोळाबीन, तुही सवय काही जात नाई.’

म्हणजे त्याला पहिल्याच ओळीला कळलं होतं. तिसऱ्या पुस्तकात माझ्या ओळीखाली, ‘हे पहिल्या पानावरचं आहे. पुढं जा.’ चौथ्यात, ‘या पुस्तकात नदीच नाई. तू कोनती नदी पाह्यली?’ पाचव्यात, त्या लग्नाच्या वर्षीच्या, ‘पुस्तकं पोरीपर्यंत पोचतच नाई हे आज समजलं. तरी पाठवतो. पोरीच्या नावानं का होईना, तू तरी वाचशील.’ सहाव्यात काही नाही. सातव्यात एवढंच, ‘खाली जागा सोडली आहे.’

मला राग आला. खरंच आला. आठ वर्षं हा माणूस माझ्या ऑफिसात येऊन चहा प्यायला, मी केतकीच्या तोंडी घातलेली खोटी वाक्यं ऐकून मान डोलावत राहिला, आणि एकदाही म्हणाला नाही, की सोळाबीन, पुरे झालं. त्यानं माझी लबाडी पेटीत जपून ठेवली आणि गेला... आता मी कोणाशी भांडू? माझी अब्रू राखायला त्यानं केतकीलाही काही सांगितलं नाही. मित्रानं असा दगा द्यावा का, असं मी दोन दिवस स्वतःशी म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी केतकी घरी आली. मी तिच्यासमोर पेटी ठेवली आणि सगळं सांगितलं.

ती बराच वेळ पानं उलटत राहिली. म्हशीच्या पुस्तकातली स्वतःची ओळ तिनं बोटानं वाचली. दुसरं कधी देणार... मग म्हणाली, “मला वाटायचं, काका मला विसरले. म्हणून मी दवाखान्यातही गेले नाही, बाबा. कशाला जाऊ, त्यांना तर मी आठवतही नसेन, असं वाटलं.” ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माझा दग्याबद्दलचा राग तेव्हा कुठं थांबला.

पेटी ती नागपूरला घेऊन गेली. त्यातलं दुसरं पुस्तक तेवढं माझ्या टेबलावर ठेवून गेली. “हे आधी तुम्ही वाचा,” म्हणाली, “मग माझ्याकडे द्या. बाकीची एकेक करून पाठवते.” रोज ऑफिसात दुपारचा डबा झाला की मी वाचायला बसतो. फार हळू वाचतो, सवय नाही. कालपर्यंत एकेचाळीस पानं झाली. काल पान उलटताना एक कापसाचा तंतू टेबलावर पडला, तो मी परत तिथंच ठेवला.

हे पुस्तक आणि आणखी पाच वाचायची राहिली आहेत. आणि सुमनवहिनींना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. हे छापून येण्याआधी हिंगणघाटला जाऊन त्यांना तोंडानं सांगायचं आहे.