समोरच्याचं आधी

तांडेल वकीलबाईंनी टायपिंगला दिलेला पहिलाच कागद मी त्यांना परत केला होता. "मॅडम, हा विरुद्ध पार्टीचा दिसतोय. चुकून आलाय."

"चुकून नाही, वहिनी. समोरच्याचं आधी. आपलं मग."

पालघरला कोर्टाजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वकील भरपूर पाहिले. पण विरुद्ध पक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी वेगळ्या पानावर टाईप करून घेणाऱ्या या एकट्याच. ते पान कोर्टात जायचं नाही. त्या ते माझ्या दुकानातच स्वतःच्या अशिलाला वाचून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "आता याला उत्तर द्या."

बोईसरचा, कामावरून काढलेला एक कामगार ते ऐकून माझ्याकडे वळला, "भाभी, ये मॅडम हमारी वकील है या कंपनी की?" उमरोळीचे एक वाडीवाले आजोबा तर उठलेच, "बाय, मला माजाच वकील पायजे. त्याचा त्याला हाय." कामगार थांबला, त्याचं काम झालं. आजोबा दुसऱ्या वकिलाकडे गेले, त्यांचंही झालं. तेव्हा या पद्धतीचा उपयोग होतो की नाही, मला सांगता येणार नाही.

मॅडम दातिवऱ्याच्या. घरात आधी कोणी वकील नव्हतं. आई सुकी मासळी विकायची. एकदा आई दुकानात बसली असताना मॅडमनी असंच एक पान वाचलं. आई म्हणाली, "बाजारात मी असं केलं तं माजं बोंबील कोन घेल गो?" मॅडम पोट धरून हसल्या. पद्धत मात्र बदलली नाही.

मग कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या जागा निघाल्या. वयात बसणारी ही त्यांची शेवटची संधी. त्या सुनावणीला गेल्या होत्या, म्हणून अर्ज मीच भरायला घेतला. एक रकाना होता: कधी गुन्हा नोंदला गेला होता का? कॉलेजात असताना खाडीतल्या रेती उपशाविरुद्ध गावच्या बायांनी रस्ता अडवला होता, त्यात मॅडमचं नाव होतं. सगळ्या निर्दोष सुटल्या होत्या. मी 'नाही' लिहून मोकळी झाले.

संध्याकाळी त्यांनी प्रिंट वाचली. "हे कोणी लिहिलं?"

"मी. सुटलात ना तुम्ही?"

"सुटले म्हणजे आधी नोंदला होता, वहिनी. 'होय' करा."

"शेवटची संधी आहे मॅडम. कोण बघतंय?"

"उद्या माझ्यासमोर कोणी असं लिहून आलं, तर मी काय करू?"

मी 'होय' केलं. मनातून मला ते पटलं नव्हतं.

लेखी परीक्षा त्या पास झाल्या. मुलाखतीहून आल्या तेव्हा मी विचारलं, "ते निघालं का?"

"निघालं. रस्ता अडवला होता का, असं विचारलं. मी हो म्हटलं."

"आणि निर्दोष सुटल्याचं?"

"ते विचारलं नाही."

"अहो, पण सांगायचं ना!"

"अर्जात आहे की."

यादीत नाव आलं नाही. त्या 'होय'मुळे गेलं, की मार्क कमी पडले, की मुलाखतीतल्या गप्प बसण्यामुळे, मला आजही कळलेलं नाही. माझं 'नाही' राहिलं असतं तर त्या न्यायाधीश झाल्या असत्या का? आणि झाल्या असत्या, तर कशा न्यायाधीश?

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या खुर्चीत येऊन बसल्या. "घ्या, वहिनी. समोरच्याचं आधी." मी टाईप करत गेले: उमेदवाराने रस्ता अडवल्याचे मान्य केले आहे. त्या रस्त्यावर एखादी बाळंतीण अडकली असती. शिवाय उमेदवार दोन्ही बाजू इतक्या मांडते, की तिला निकाल देता येईल याची खात्री वाटत नाही.

खरं सांगायचं तर मुद्दा भक्कम होता. मला रागच आला. मी नवं पान उघडलं. "आता तुमचं सांगा."

"नाही सुचत हो."

मग मीच टाईप केलं: स्वतःचे नुकसान होईल हे दिसत असताना उमेदवाराने खरे लिहिले.

मॅडमनी दोन्ही कागद हातात घेतले, आधी एक वाचला, मग दुसरा. "वहिनी, दोन्ही बरोबर आहेत," असं म्हणून त्यांनी काळा कोट अंगात चढवला आणि अकराच्या सुनावणीला निघून गेल्या.