दहा मिनिटं धरलेलं मनगट

सरकारी दवाखान्यात अकरा नंबरची खोली प्लास्टरची. तिथे तीस वर्षं ज्या बाई होत्या, त्यांना सगळा दवाखाना पट्टीमावशी म्हणायचा. ठेंगणी चण, जाड भिंगाचा चष्मा, कोपरापर्यंत पांढरे हात. कान खाजवला की कानही पांढरा. मी सहसा कुणाचे आभार मानत नाही. हक्काचं मिळालं तर आभार कसले, हा माझा खाक्या. पण या बाईंनी मला जे दिलं ते कुठल्याच हक्कात बसत नाही, म्हणून लिहायला बसले.

काही वर्षांपूर्वी दवाखान्यासमोरचा रस्ता रुंद झाला आणि पलीकडचा फुटपाथ गेला. तिथले चावीवाले, छत्री दुरुस्त करणारे, चपला शिवणारे सगळे आमच्या बाजूला आले. बसथांबा ते दवाखान्याचं फाटक एवढीच जागा, आणि तिथे आम्ही फळवाल्या आधीपासून. मी त्यांची पुढारी. शाळा चौथीत सुटली, पण फेरीवाल्यांचे नियम तोंडपाठ, आणि तोंड त्याहून तयार. महिनाभर शिवीगाळ चालली. मग एका दुपारी त्यांनी माझी फळांची हातगाडी ढकलली. मी तागडीतलं किलोचं लोखंडी माप उचलून भिरकावलं. ते त्यांच्या म्होरक्याच्या, चावीवाल्याच्या, उजव्या अंगठ्यावर बसलं. त्याच झटापटीत गाडी माझ्या अंगावर आली आणि डावं मनगट गेलं.

आमच्या बायका फाटकाशी थांबल्या. त्यांना मी बजावून आत गेले की हात बांधून येते, मग त्या लोकांची एकही पेटी जागेवर ठेवायची नाही. मागच्या फाटकाशी चावीवाल्याची माणसं होती, तीही काही वारा खायला उभी नव्हती.

अकरा नंबरमध्ये एकच बाक. त्यावर चावीवाला आधीच बसलेला, अंगठा वांग्यासारखा सुजलेला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मावशींनी आमच्या चिठ्ठ्या पाहिल्या, पट्टी पाण्यात बुडवली आणि मला म्हणाल्या, "बस त्याच्या शेजारी." मग त्याला, "तुझा डावा धड आहे ना? हिची बोटं धर. मी सांगेपर्यंत हलू द्यायची नाहीत."

मी म्हटलं, दुसरं कुणी नाही का. मावशी म्हणाल्या, मदतनीस दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, त्याची वाट बघायची असेल तर बाहेर बस.

ही त्यांची पद्धतच होती, हे मला नंतर कळलं. मारामारीतले दोघे आले की एकाचं हाड दुसऱ्याच्या हातात. कुणी मारलं, का मारलं, हे त्या विचारत नसत. ते पोलिसांच्या टेबलावर.

चावीवाल्याने माझी बोटं धरली. कानस घासून घासून त्याचा तळवा खरखरीत झालेला. मावशींनी मनगट ओढून बसवलं, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि त्या ओल्या पट्ट्या गुंडाळत गेल्या. प्लास्टर सुकताना आधी गरम होतं. ते गरम होऊ लागलं तेवढ्यात हा हळूच म्हणाला, "काय पुढारीणबाई, नेम चांगला आहे."

माझं डोकं सणकलं. हात हिसडला. कच्चं प्लास्टर मनगटापाशी दुमडलं, आत कळ गेली ती पार खांद्यापर्यंत.

मला वाटलं, आता मावशी फाडून खाणार. त्यांनी फक्त मोठी कात्री घेतली, सगळं कापून टाकलं आणि बादलीत नवी पट्टी टाकली. "पुन्हा," म्हणाल्या.

कापताना त्या बोलत होत्या, नळाचं पाणी किती वाजता जातं ते सांगावं तशा. एकोणिसाव्या वर्षी त्या लढाईच्या आघाडीमागे उभारलेल्या दवाखान्याच्या तंबूत काम करत होत्या. जखमी जास्त, माणसं कमी. दोन्हीकडचे सैनिक एकाच तंबूत आलेले. म्हातारा कंपाउंडर एकाचा पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा. ज्याच्यावर सकाळी गोळी झाडली, त्याचाच पाय.

"मग लढाई थांबली का त्याने?" मी खवचटपणे विचारलं.

"नाही थांबली. पाय जुळला." त्यांनी पट्टी पिळली. "लढाई थांबवणं ज्यांच्या हातात होतं, ते त्या तंबूत कधी आलेच नाहीत. तुम्ही दोघं इथेच आहात."

मग त्यांनी दोघांनाही एकच प्रश्न टाकला. उद्या सकाळी तुम्हाला काय लागेल? दुसऱ्याचं काय वाटोळं व्हावं ते नाही. स्वतःला काय लागेल.

दुसऱ्या वेळची दहा मिनिटं. माझी बोटं पुन्हा त्याच्या हातात. मग तोच म्हणाला, त्याला सकाळ लागते. कार्यालयं उघडतात, कुलपं अडकतात, लोक धावत येतात. संध्याकाळी कुत्रं फिरकत नाही. आणि अंगठा लागेल. अंगठा नीट नाही जुळला तर कानस धरता येणार नाही, आणि दुसरं काही येत नाही त्याला. हे तो मावशींना सांगत होता, पण बघत माझ्याकडे होता.

मग मी सांगितलं, मला संध्याकाळ लागते. बसमधून उतरलेली माणसं फळं घेतात. सकाळी मी तिथे नुसतं जागा जाऊ नये म्हणून बसते. हे मी महिनाभर बाहेर ओरडत होते, पण असं नाही. बाहेर मी फक्त म्हणत होते, जागा आमची.

मग मावशींनी त्याला पुढे बसवलं आणि मला सांगितलं, धर. माझ्याच मापाने फुटलेला अंगठा मी उजव्या हाताने धरला. दहा मिनिटं. श्वासही जपून घेतला, आणि तेवढ्यात आम्ही वेळा ठरवून टाकल्या.

बाहेर आले तर बायका पदर खोचून तयार. एक जण म्हणाली, सांग, कुठून सुरू करायचं? मी म्हटलं, आज काही नाही. उद्या दोन वाजेपर्यंत ते बसतील, दोननंतर आपण. त्यांच्यातल्या माझ्या थोरल्या जावेने तर तोंडावर सांगितलं, डोक्यालाही मार लागलेला दिसतोय. मागच्या फाटकाशी त्याचीही तशीच शोभा झाली असणार.

सगळं गोड झालं असं समजू नका. दोन वाजता जागा झाडून कोणी द्यायची, यावर आम्ही अजून भांडतो. पण माप तागडीतच राहतं. पुढे मला समेट घडवण्याच्या शिबिरांना बोलावू लागले. तिथे फळ्यावर बाण काढून दाखवतात. चांगलं असतं ते. मी शेवटच्या रांगेत बसून मनात म्हणते, बादली आणि पट्टी आणा आधी.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा त्याचा अंगठा सरळ होता. माझं मनगट किंचित वाकडं राहिलं. हिसडा दिला तेव्हाच हाड सरकलं होतं. मावशींना वाईट वाटलं, पुन्हा मोडून बसवू का म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या मावशी, असू द्या.

आता भांडणात हात उचलला की आधी तोच दिसतो, वाकडा. मग मी खाली घेते आणि समोरच्याला विचारते, उद्या सकाळी तुला काय लागेल.