बर्फाचं तिकीट आणि रेतीतली गाडी

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळींत माझा एक किस्सा बरीच वर्षं चालला. मॉलमधल्या बर्फघरात, म्हणजे कृत्रिम बर्फाच्या खेळघरात, उशिरा गेलेल्याला आत सोडत नाहीत, पैसेही परत देत नाहीत. पण मी नियमावर बोट ठेवलं, आवाज चढवला आणि बायकोला आत सोडायला लावलं, असा तो किस्सा. गणपतीच्या जेवणात कोणीतरी हमखास म्हणायचं, "काका, ते बर्फाचं सांगा." मी सांगायचो. बायको कोशिंबीर वाढत ऐकायची. तिने माझं बोलणं एकदाही खोडलं नाही.

आता आम्ही कायमचे नाशिकला परत चाललो आहोत. तेव्हा खरं काय घडलं ते सांगून टाकतो.

बायकोला बर्फात उभं राहायचं होतं. फार वर्षांची हौस. मनालीची तिकिटं दोनदा काढली आणि दोनदा मीच रद्द केली, कारण मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत दुरुस्तीसाठी शटडाऊन निघालं की पहिली रजा माझी जायची. ती दोन्ही वेळा "असू दे" म्हणाली. पुढे तिचे गुडघे गेले. मग कॅनडातल्या मुलीने आईच्या वाढदिवसाला इथल्याच बर्फघराची तिकिटं काढून दिली आणि मला बजावलं, "बाबा, या वेळी रद्द नाही हं."

मॉलच्या तळघरात पैसे भरून गाडी लावायची सोय होती. पण आमच्या पिढीचा इथला शिरस्ता असा, की गाडी रेतीत लावायची. इमारतींच्या मधे मोकळी मैदानं असतात, तिथे कोणी पैसे मागत नाही. ऑगस्टचं ऊन होतं. बायको म्हणाली, "अहो, आज तरी आत लावा."

"अगं, पाच मिनिटांचं तर चालणं."

तिला वाटेत दोनदा टेकावं लागलं. पोचलो तोवर आमची वेळ टळून गेली होती.

काउंटरवरचा तरुण नम्रपणे म्हणाला, "सॉरी सर, रिफंड नाही." मी म्हटलं, लेखी दाखवा. परमिटवर सही असल्याशिवाय आम्ही रिफायनरीत नटसुद्धा फिरवत नसू. तिकिटामागे बारीक अक्षरांत सापडलं: व्यवस्थापनाने सेवा बंद ठेवल्यास पैसे परत. आणि समोरच पाटी होती, आज घसरगुंडी बंद. मला तेवढंच हवं होतं. बायकोला तिचं तिकीट देऊन बाकावर बसवलं आणि माझं घेऊन मी वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात गेलो.

तिथल्या इजिप्शियन साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि वडीलधाऱ्याला अरबीत हाक मारतात तसं म्हणाले, "या हाजी, घसरगुंडी बंद आहे. बर्फ चालू आहे." तरी मी हटेना. शेवटी ते म्हणाले, दोन्ही तिकिटं न वापरता ठेवा, अर्ज करा, वरचे लोक बघतील. एक जरी वापरलं तरी अर्ज संपला.

लढाई जिंकल्यासारखा मी खाली आलो, तर बाक रिकामा.

काचेपलीकडे बायको बर्फात उभी होती. अंगात गुडघ्यापर्यंत येणारं निळं जाकीट, आणि काउंटरवरचा तो तरुण तिचा कोपर धरून उभा. तो रत्नागिरीकडचा निघाला. ती फोनवर मुलीला "राहू दे गं, नशिबात नाही" म्हणत होती, ते त्याने ऐकलं. आपल्या वरच्याला विचारून त्याने आम्हा दोघांनाही पुढच्या वेळेत बसवलं होतं. मी तोंडही न उघडता.

बायकोने मला पाहिलं आणि हात हलवून आत बोलावलं. मी काय करावं? हातातलं तिकीट काचेला लावलं आणि खुणावलं: बाहेर ये, अर्ज बाद होईल! आधी तिला वाटलं मी गंमत करतोय. मग तिला कळलं. तिने माझ्याकडे पाठ केली, सावकाश वाकली आणि ओंजळ भरून बर्फ उचलला.

तो तरुण बाहेर आला. "काका, जा की आत. काकू एकट्याच हायत."

"माझं तिकीट रिफंडला आहे," मी म्हणालो.

तिची वेळ संपेपर्यंत मी काचेबाहेर उभा राहिलो. परतताना रेतीत गाडी भट्टीसारखी तापली होती. तिने विचारलं, "मिळाले पैसे?"

"नाही."

घरी मुलीचा फोन आला आणि माझ्या तोंडून गेलं, "भांडलो, म्हणून सोडलं तिला आत." किस्सा तिथे जन्मला.

गेल्या शुक्रवारी निरोपाच्या जेवणात तो पुन्हा मागितला गेला, आणि मी हा असा सांगितला. मग एकजण म्हणाला, "म्हणजे काका, आम्ही तुमचा दाखला देऊन तिथे भांडतोय ते फुकटच?" सगळे हसले. मी बायकोला विचारलं, इतकी वर्षं तू गप्प का राहिलीस?

"बर्फ मला मिळाला होता," ती म्हणाली. "किस्सा तुम्हाला असू दे म्हटलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बर्फघरात गेलो. गाडी तळघरात लावली. तो तरुण आता तिथे नाही. नोकरी सोडून गावी गेला म्हणतात. त्याचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलायचे राहिले. त्या दिवशी त्याने जे केलं ते माझं काम होतं. तो कुठेही असो, त्याचं भलं होवो.

आत बायकोने माझा कोपर धरला. तिनेच वाकून मूठभर बर्फ उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"गार आहे गं," मी म्हणालो.

"मग? तिकिटामागे लिहिलं नव्हतं वाटतं?" ती म्हणाली आणि आणखी घ्यायला वाकली.