शेखमामा दाराकडेच का पडायचे

"तुम्ही फक्त 'अयोग्य' लिहा मॅडम, पुढचं मी बघते," देवधरबाई म्हणाल्या आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

देवधरबाई बिबवेवाडीतल्या एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका. मी सरकारी खात्यातली इन्स्पेक्टर. वृद्धाश्रमात जाऊन स्वयंपाकघर, संडास, औषधं, जिने असं सगळं तपासायचं आणि रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. त्या काळी मी लुनावर फिरायची. स्वारगेटचा चौक ओलांडला की रस्ता मोकळा मिळायचा आणि बिबवेवाडीपर्यंत गार वारा लागायचा. आज हे नातवाला सांगितलं तर तो माझ्याकडे दयेने बघतो.

अयोग्य लिहायचं होतं ते शेखमामांबद्दल. मामा एका मोठ्या ऑफिसातून शिपाई म्हणून रिटायर झालेले. भवानी पेठेत जन्म गेला. बायको वारलेली, मूलबाळ नाही. कर्वेनगरला एक पुतण्या होता, पण घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. रविवारी तो न चुकता भेटायला यायचा. असे हे मामा थोड्याच दिवसांत तीनदा पडले. तिसऱ्या वेळी कपाळाला टाके पडले. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी खुब्याचं हाड जाईल.

आश्रमाचा नियम साधा होता. जो आपल्या पायांनी हिंडतो-फिरतो तोच इथे राहणार. अंथरुणाला खिळलेल्यांची सोय शहराबाहेर एका संस्थेत होती. मी ती पाहिली होती. तिथे माणसं भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मामांना तिकडे पाठवायचं की नाही, हे माझ्या एका शब्दावर ठरणार होतं. देवधरबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांना भीती होती की उद्या मामांचं काही बरंवाईट झालं तर खापर त्यांच्या डोक्यावर फुटेल. त्यांच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते.

"आधी खोली बघते," मी म्हटलं.

म्हाताऱ्या माणसाच्या पडण्याला आमच्या खात्यात 'फॉल' म्हणत. फॉल झाला की काय काय तपासायचं ते ठरलेलं असतं. मी एकेक बघत गेले. फरशी कोरडी होती. बल्ब चांगल्या उजेडाचा होता. मामांच्या चपलेला मागून पट्टा होता. बाथरूममध्ये ग्रॅब रेल, म्हणजे भिंतीला ठोकलेला धरायचा दांडा, पक्का होता. मी लटकून बघितलं. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांनी कधी कधी उठताना चक्कर येते, म्हणून डॉक्टरांनी आडवं झोपवून आणि उभं करून दोन्ही वेळा प्रेशर मोजलं होतं. तेही ठीक निघालं.

खोलीत मामांचे सोबती होते साठे. रिटायर्ड हेडक्लार्क, नारायण पेठेतले. काचबिंदूने दृष्टी गेली होती, जिभेची धार तेवढी शाबूत होती.

"मॅडम, फरशी झाली, चप्पल झाली," ते म्हणाले. "आता माझीही तपासणी करून टाका. मीच ढकलत असेन तर तेवढं रिपोर्टात येऊ दे."

मामा हसले. हसताना कपाळावरची पट्टी ताणली गेली.

मी बाहेर येऊन मंगलला गाठलं. ती तिथली आया. तिन्ही वेळा मामांना उचललं होतं तिनेच.

"कुठे पडले होते गं?"

"दारापाशी. तिन्ही बारीला डोकं दाराकडंच."

मी परत खोलीत डोकावले. बाथरूम होतं खिडकीच्या बाजूला, अगदी समोरच्या टोकाला. म्हणजे मामा लघवीला निघाले नव्हते. ते बाहेर निघाले होते.

"मामा, कुठे चालला होतात?"

"कुठं नाही बाईसाहेब. सहजच."

हे 'सहजच' मला चांगलं ओळखीचं होतं. वृद्धाश्रमातली माणसं इन्स्पेक्टरला खरं सांगत नाहीत. खरं सांगितलं तर इथून हलवतील, ही एक भीती. शिवाय पाहुण्यापुढे आपलं रडगाणं कशाला, ही जुन्या माणसांची रीतही असते. मी जास्त खोदलं नाही. म्हटलं, दुपारी इथेच बसते.

दुपारी जेवणं झाली. त्यांचा रोजचा कार्यक्रम सुरू झाला. मामा पेपर वाचून दाखवायचे आणि साठे शेरे मारायचे. क्रम ठरलेला होता. आधी निधनवार्ता, मग उरलेलं जग. ओळखीचं नाव आलं की साठे "बरा माणूस होता" किंवा नुसतंच "असो" म्हणायचे. त्यातलं 'असो' फार वाईट. मला तिथे बसून माझ्या वडिलांची आठवण आली. आमच्या घरीही असाच पेपर वाचला जायचा, आणि तेव्हा मला त्याचा कंटाळा यायचा.

मामा वाचता वाचता पेंगायला लागले. साठे म्हणाले, "अहो शेख, माणूस गेला की तुम्ही?" मामांनी एक ओळ वाचली आणि पुन्हा डोळे मिटले.

तेवढ्यात दाराबाहेर बेल वाजली. टर्रर्र.

या बेलची हकिगत अशी. प्रत्येक पलंगापाशी एक बटण असावं, म्हणजे गरज पडली की आयाला बोलावता येईल, अशी सूचना आमच्याच खात्याने आदल्या तपासणीत केली होती. देवधरबाईंनी बटणं बसवून घेतली. वायर कमी लागावी म्हणून बझर आणि कुठल्या पलंगाने बोलावलं ते दाखवणाऱ्या दिव्यांची पाटी, दोन्ही नेमकं या खोलीच्या दाराबाहेर ठोकलं होतं. कुणीही बटण दाबलं तरी आवाज इथेच.

बेल वाजली आणि मामा उठले. डोळे अर्धे मिटलेलेच होते. पेपर काखेत गेला, हात टोपीकडे गेला, टोपी सरळ झाली, आणि चप्पल न घालताच ते तरातरा दाराकडे निघाले. तोल जातोय हे मला दिसलं. मी धावत जाऊन कोपर धरलं. मामांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय झालं?" साठ्यांनी विचारलं. त्यांना काहीच दिसलं नव्हतं.

मामा पलंगावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "साहेबांची बेल दुसऱ्यांदा वाजू द्यायची नाही, असा माझा नेम होता बाईसाहेब. सगळ्या नोकरीत कधी वाजू दिली नाही. तिथली बेल अशीच होती, हुबेहूब. आता कान ऐकतो आणि पाय उठतात. मला विचारतच नाहीत. जागा असलो तर भान येतं, परत बसतो. डुलकी लागलेली असली की पंचाईत होते."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? बेल वाजली म्हणून पडलो? लोक हसतील."

साठे मात्र हसले नाहीत. हाताने चाचपत त्यांनी पलंगाच्या कडेचं बटण शोधलं आणि त्यावर तळवा झाकून धरला.

"पहिल्यांदा पडले तेव्हा बेल मी वाजवली होती," ते म्हणाले. "चहा गार आला म्हणून."

मामा म्हणाले, "चहा खरंच गार होता."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात साहेबांपुढे उभी राहिले.

"शेख योग्य की अयोग्य?"

"योग्य. पण बेल बदलायला हवी, सर."

"का? वाजत नाही?"

"वाजते. तोच प्रॉब्लेम आहे."

मी सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आपणच त्यांना बेल बसवायला लावायची, आणि आपणच नको म्हणायचं?"

"नको नाही सर. आवाज बदलायचा आणि जागा बदलायची."

साहेबांनी सही केली. मग चहा सांगायला टेबलावरच्या बेलकडे हात नेला, थांबले, आणि उठून दाराशी जाऊन शिपायाला हाक मारली. तो बिचारा घाबरला. अर्थात, हे त्या एका दिवसापुरतंच. दुसऱ्या दिवशी आमची बेल पूर्ववत सुरू झाली.

आश्रमात बेलची जागा मंगलच्या खोलीपाशी गेली, आणि टर्रर्र करणाऱ्या बझरऐवजी पक्ष्याची बेल आली. त्या काळी घरोघरी असायची तीच, चिवचिव करणारी. देवधरबाई कुरकुरल्या. साठे म्हणाले, "छान. आता पेशवे पार्कात पिंजऱ्यासमोर बसल्यासारखं वाटतं. फक्त तिकिटाचे पैसे मागू नका."

मामा त्यानंतर पडले नाहीत. पण स्वतःचं बटणही त्यांनी दाबलं नाही. मंगलने खूप समजावलं. ते म्हणायचे, "बेल ऐकून धावणाऱ्याला हातातलं काय काय टाकून यावं लागतं, ते मला माहीत आहे." पाणी हवं असलं की मामा नुसते खाकरायचे, आणि साठे त्यांच्या वतीने बटण दाबायचे. देवधरबाईंना हे नियमात बसवता येईना. मी म्हटलं, राहू द्या.

पुढच्या वर्षी तपासणीला गेले तर खोलीत साठे उशीला टेकून बसलेले. बारीक झाले होते. एका दुपारी पेपर ऐकता ऐकता त्यांना धाप लागली होती. शब्द फुटेना, हात बटणापर्यंत जाईना. मामांनी पेपर टाकला आणि साठ्यांच्या उशाचं बटण दाबलं. अंगठा उचललाच नाही. मंगल आली, देवधरबाई आल्या, मागोमाग डॉक्टर आले, तरी पक्षी ओरडतच होता. शेवटी मंगलने त्यांचा हात धरून बाजूला केला.

मामा मला हळूच म्हणाले, "बाईसाहेब, मी बेल वाजवली आणि माणसं धावत आली. सगळी आली." बोलताना त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले.

साठे म्हणाले, "शिपायाने साहेबाची बेल वाजवली. आमच्या ऑफिसात असता तर मेमो दिला असता." आणि हात पुढे केला. मामांनी तो धरून ठेवला.

तपासणीच्या फॉर्मवर 'कॉल बेल आहे का?' असा एक रकाना होता. 'आहे' लिहून पुढे जाता यायचं. हाताखाली नवीन आलेल्यांना मी सांगायची, बेल वाजते का ते मागाहून बघा. आधी विचारा, पलंगावरचा माणूस कुठून रिटायर झालाय.

आता मामा नाहीत, साठेही नाहीत. मला रिटायर होऊनही पुष्कळ वर्षं झाली. तरी कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की वाण घेण्याआधी मी त्यांच्या बाथरूममध्ये जाऊन दांडा हलवून बघते. सून म्हणते, "आई, लोक काय म्हणतील." काय म्हणायचं ते म्हणोत. मामांची नोकरी पायांत राहिली होती, माझी हातांत राहिली आहे.