मामांच्या कुस्तीचा निकाल

निकालासाठी जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. अवसरीच्या कॉलेजात शिकवतो म्हटल्यावर तो माझा रोजचाच धंदा झाला. पण आमच्या हिच्या मामांइतका निकालाचा भुकेला माणूस या भूतलावर दुसरा जन्मला नसेल. मामांना अर्धवट काही चालतच नाही. दोघं भांडायला लागले की मामांना आधी कळायला हवं की कोण जिंकलं. भांडण कशावरून होतं ते नंतर सांगितलं तरी चालतं. निरगुडसरच्या अलीकडे त्यांची कांद्याबटाट्याची शेती आहे. कांद्याच्या चाळीसमोरच्या ओट्यावर बसून हा माणूस सगळ्या जगाची कुस्ती सोडवत असतो. लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडायला गेलो तेव्हा मी वाकलो आणि माझा चष्मा त्यांच्या पायावर पडला. आशीर्वाद राहिला बाजूला. मामा म्हणाले, "पावणं, तोल गेला. समोरच्याला दोन गुण."

हे गुणांचं वेड तसं अलीकडचं. मामा जुने पैलवान, आणि गावच्या जत्रेतल्या आखाड्याचे पिढीजात म्हणावेत असे पंच. कोणीतरी त्यांना पुण्याला पंचांच्या शिबिराला पाठवलं आणि तिथून ते गळ्यात शिट्टी अडकवून परतले. मॅटवरच्या कुस्तीत प्रत्येक गोष्टीला गुण असतात, हे ज्ञान त्यांना असं काही लागू पडलं की त्यानंतर घरातलं पान गुणांशिवाय हललं नाही. खाली पाडून मागून ताबा घेतला की दोन, उचलून पाठीवर आपटलं की चार, रिंगणाबाहेर पाय पडला की समोरच्याला एक. मामींनी चारचौघांत एका वाक्यात त्यांना गप्प केलं तर तक्रार न करता म्हणणार, "चार. उचलून आपटलं." जेवणानंतर मी जरा कलंडलो की शिट्टी वाजे. "पावणं, अंग चोरताय. ताकीद!" नुसतं हात धरून वेळ काढणाऱ्या पैलवानाला पंच ताकीद देतात म्हणे, आणि तरीही तो हलला नाही तर गुण दुसऱ्याला जातो. हा नियम मामांना इतका आवडला की तालुक्याच्या एका कचेरीत, फाईल समोर ठेवून चहा पिणाऱ्या साहेबांसमोर त्यांनी खरोखरच शिट्टी फुंकली होती. साहेब दचकले, चहा फाईलवर सांडला, आणि आता काम कधीच होणार नाही हे आम्हां दोघांनाही एकदमच कळलं. मामा मात्र बाहेर येऊन समाधानानं म्हणाले, "काम न्हाई झालं, पर गडी हालला."

एकदा तर बिबट्या आला. आमच्या भागात उसात बिबटे असतातच, त्याचं कोणी फार कौतुक करत नाही. त्यानं अंगणातल्या कुत्र्याला मागून धरलं, कुत्रं कसंबसं सुटून थेट मामींच्या चुलीपाशी जाऊन बसलं आणि बिबट्या हिरमुसून निघून गेला. सगळं घर थरथरत होतं. मामा खिडकीतून वळून म्हणाले, "बिबट्याचे दोन. पर आपलं सुटलं, त्याचा बी एक धरा."

अशा माणसानं जत्रेत मला गुणलेखक नेमावं, हा त्यांचा आजवरचा एकमेव चुकलेला निर्णय. "तुमी इंजिनेरांना शिकिवता, तुमाला काय अवघड राव!" म्हणून त्यांनी मला लाल आणि निळ्या पाट्यांमागे बसवलं. मोठ्या कुस्त्या पूर्वीसारख्याच निकाली, म्हणजे पाठ लागेपर्यंत. पण लहान गटाच्या कुस्त्या गुणांवर घ्यायला कमिटीनं मामांच्या कटकटीपुढे मान तुकवली होती. आता मातीत दोन मिनिटं लोळल्यावर लाल कोण आणि निळा कोण हे त्यांच्या आयांनाही ओळखू येत नाही. मी शास्त्रीय पद्धत काढली. डावीकडचा लाल, उजवीकडचा निळा. कुस्तीत माणसं गोल फिरतात, ही बाब माझ्या पद्धतीत बसली नव्हती. दोन्ही गावांचे लोक मला शोधत पाट्यांमागे आले, तेव्हा मामा मध्ये उभे राहिले. "पावण्यांनी दोनी गावांवर सारखाच अन्याय केलाय," ते गंभीरपणे म्हणाले, "मग त्यात पक्षपात कुठं आला?" त्या कुस्त्या पुन्हा लावल्या गेल्या. मला नारळ देऊन स्टेजवर, सर्वांच्या नजरेसमोर, बसवण्यात आलं.

पण हे सगळं वेड ज्या एका खिळ्याला टांगलेलं होतं, तो खिळा फार जुना. मामा ऐन जवानीत असताना याच जत्रेतली दिवसाची शेवटची, मानाची कुस्ती त्यांची लागली होती तळेघरच्या एका गड्याशी. वर भीमाशंकरच्या अंगाला भात-नाचणी पिकवणारा, काटक, उंचापुरा माणूस. दोघं असे भिडले की दिवस मावळला तरी कोणी कोणाला पाठ लावू देईना. दिसेनासं झालं तेव्हा कमिटी ओरडली, "सोडवा! बरोबरीत सोडवा!" इनाम होतं मानाचा फेटा, आणि बरोबरी म्हटल्यावर कमिटीनं तो मधोमध फाडला. अर्धा मामांना, अर्धा त्या गड्याला. अर्धा फेटा डोक्याला धड बांधता येत नाही, हे मामा आजही आपलं डोकं दाखवून सांगतात.

तेव्हापासून तो तळेघरचा गडी दरवर्षी जत्रेला खाली उतरू लागला. बरोबर डोंगरातल्या तांदळाचं गाठोडं आणि तोंडात एकच वाक्य. "काय बटाट्या, मानतो का औंदा तरी?" मामा म्हणत, "ये नाचण्या, बस आन पडल्याचं कबूल कर." की लागली कुस्ती! मामी म्हणतात, लग्नात घेतलेला उखाणा त्या विसरल्या, पण या भांडणाचा शब्द न् शब्द त्यांना पाठ आहे. शिबिरावरून आल्यावर मामांना वाटलं, आता निकाल आपल्या मुठीत आला. जुनी कुस्ती नव्या नियमांनी मोजायची! अंगणात दोघं म्हातारे धोतरं खोचून उभे राहिले, आणि एकेक डाव संथपणे, गुडघ्यांचे आवाज काढत पुन्हा खेळू लागले. गुणलेखक अर्थातच मी. दुसरं कोणी तयार नव्हतं.

"हितं मी पाय खेचून पट काढला आन मागं गेलो. लिवा दोन," मामा म्हणाले.

"मागं गेला, पर ताबा कुठं व्हता?" तळेघरचे पाहुणे कडाडले. "मी वळलो न्हाई का? पुसा ते दोन!"

"तू वळला ते घसरून. घसरल्याला गुण नसत्यात!"

"आरं जा! मग तुला उचलून टाकला ती माझी ढाक? अख्ख्या जत्रेनं बघितलेली!"

"जत्रेला काय, पाळणा बी दिसतो आन ढाक बी."

मामी चहा घेऊन आल्या, दोघांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "जावईबापू, ह्यांच्यातलं कुणाचं हाड मोडलं तर त्याचे किती?" त्या दिवशी मी पाटी इतक्या वेळा पुसली की शेवटी तीवर काहीच उमटेना. निकाल लागला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दोघांचे केस उडाले, गुण वाढत गेले.

आणि मग एका जत्रेला तळेघरचे पाहुणे आलेच नाहीत. मामा दिवसभर पंच म्हणून आखाड्यात उभे, पण लक्ष रस्त्याकडे. चार दिवसांनी स्वतःच माझ्या गाडीत येऊन बसले. "चला पावणं. त्याला वाटत आसंल, न्हाई आलं की सुटलो. निकाल लागल्याबिगर सोडायचा न्हाई आता." घाटभर ते बोटांवर गुण मोजत होते. घोडनदीच्या खोऱ्यातून वर चढताना मी दोनदा रस्ता चुकलो. दोन्ही वेळा त्यांनी मला ताकीद दिली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं की माणूस आतून घाबरला आहे. गाडी रस्त्याला लावून आम्ही कोरड्या भातखाचरांतून चालत घरापाशी पोचलो. पाहुणे पडवीत घोंगडीवर बसले होते. मामांनी बांधावरूनच आरोळी ठोकली, "काय नाचण्या!"

त्यांनी वर पाहिलं. हसले. नमस्कार केला. "या. बसा. पावणं कुठलं म्हनायचं?"

सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "दिवाळीपास्नं असंच हाय बगा. मला बी कदी वळखत्यात, कदी न्हाई."

मामा घोंगडीच्या कडेला बसले. थोड्या वेळानं त्यांनी कुस्ती सांगायला सुरुवात केली. जत्रा सांगितली, माती सांगितली, मग एकेक डाव. आपला पट सांगितला. पाहुण्यांनी मान हलवली. "बरुबर." ते वळले होते ते घसरून, हे सांगितलं. "आसंल. घसरलो आसंल." मामा सांगत गेले, पाहुणे कबूल करत गेले. शेवटी म्हणाले, "लई चांगलं खेळला म्हनायचं तुमी. मंग तुमीच जितला. झालं!"

इतक्या वर्षांचा निकाल एका वाक्यात लागला होता, आणि अशा वेळी जे करू नये ते करण्यासाठीच देवानं मला जन्माला घातलं आहे. मी उठलो, मामांचा हात धरून वर केला आणि म्हणालो, "अभिनंदन मामा!"

मामांनी हात असा हिसकला की मी पडवीच्या खांबावर जाऊन आदळलो. "कसलं अभिनंदन! समोरचा कुस्ती खेळतोय का?" मग ते पाहुण्यांकडे वळले आणि जवळजवळ रडवेल्या आवाजात ओरडले, "आरं, असं कसं कबूल करतो? तुझी ढाक कुठं गेली? अख्ख्या जत्रेनं बघितलेली! चार गुण हायेत तुझे, सोडतो व्हय? आन तू घसरला नव्हता. वळला व्हता. मी सांगतो ना, चांगला वळला व्हता!" पाहुणे नुसतं हसत होते. तेव्हा मामा सरळ पडवीच्या सारवलेल्या भुईवर आडवे झाले. एक खांदा टेकवला, दुसरा अधांतरी धरला, चेहरा लाल, मानेच्या शिरा ताठ. "असा पाडला व्हता तू मला. हे बघ. हितं बोटभर जागा ऱ्हायली व्हती. बघ की रं!"

पाहुणे वाकून पाहू लागले. त्या बोटभर जागेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा हात, भलामोठा, काळा, गाठी आलेला, आपोआप पुढे आला आणि मामांच्या खांद्यावर बसला. आणि त्यांनी तो खांदा खाली दाबला. सावकाश, पण पुरता.

"टेकला," ते म्हणाले.

मामा तसेच पडून राहिले. सूनबाई घाबरून पुढे झाली, पण मी पाहिलं, म्हातारा हसत होता. डोळ्यांच्या कडांनी पाणी कानांत उतरत होतं आणि तो हसत होता. "टेकला," मामा म्हणाले. "मानलं गड्या."

परतताना घाटात मामांनी बोटांवर गुण मोजले नाहीत. मीही या वेळी रस्ता चुकलो नाही.

यंदाच्या जत्रेत शेवटच्या कुस्तीला खूप वेळ झाला. दोन तरणी पोरं, एक खालच्या अंगाचं, एक जुन्नरकडचं, दोघं तोडीस तोड. जुन्नरच्या पोराचे वस्ताद, पांढऱ्या दाढीचे चाचा, आखाड्याच्या मातीच्या हौद्याच्या कडेला उकिडवे बसून "सबर, बेटा, सबर" करत होते. ऊन उतरलं, दिवस कलला, माणसं उभी राहिली. कमिटीचा अध्यक्ष मामांजवळ आला. "मामा, दरसाली तुमी मागं लागता, औंदा तुमचं ऐकतो. गुणांवर निकाल देऊन टाका. पब्लिकला निकाल पायजे."

कोणी सांगितलं नसतानाही मी गुण मांडून पाटी घेऊन तयारच होतो. या खेपेला मी डावं-उजवं सोडून पोरांचे चेहरे पाठ केले होते. "मामा, गुण सारखे आहेत," मी घाईघाईनं कुजबुजलो, "पण शेवटचा गुण जुन्नरच्या पोराचा. नियमानं तोच जिंकतो. बरोबर ना?" इतक्या वर्षांत माझं गणित प्रथमच चुकलं नव्हतं.

"बरुबर हाय," मामा म्हणाले. मग अध्यक्षाला म्हणाले, "पर कुस्ती निकाली म्हणून लावली. पोरं पाठीसाठी खेळली, गुणांसाठी न्हाई. मधीच नियम बदलला तर तो न्याय न्हवं." आणि आखाड्यात जाऊन त्यांनी दोघांना हातांनी वेगळं केलं, दोघांचेही हात वर धरले. लोकांनी हुर्यो केली. पोरं धापा टाकत एकमेकांकडे अशी बघत होती की जणू अजून सोडलेलंच नाही.

मामा माझ्याशेजारी येऊन बसले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "न्यायाचं तर झालंच," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पर पावणं, निकाल लागला असता तर दोघांतलं एक पोरगं फुडल्या साली आलंच नसतं."