पाहुण्यांची जागा

राजाजीनगरातल्या आमच्या इमारतीत खाली नुसतं पार्किंग आहे. त्यातल्या जिन्याजवळच्या जागेत मात्र गाडी नसते, रांगोळी असते.

ती काढणाऱ्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही. सगळे त्यांना अक्का म्हणतात. पूर्वी इथं त्यांचं बैठं घर होतं. ते बिल्डरला दिलं, बदल्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि ही जागा मिळाली. अंगण इथंच होतं म्हणे. रोज सकाळी त्या बादली घेऊन लिफ्टनं उतरतात, जमीन धुतात आणि पदर खोचून पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यांच्या आत ठिपके मांडतात.

पार्किंगवरून आमच्याकडे सतत वाद. एका मीटिंगमध्ये मीच म्हणालो, "अक्का, तुमची जागा रिकामीच असते. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी द्या ना."

"पाहुण्यांसाठीच ठेवलीय की," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीतल्या बायका घरं विकून लांब गेल्या, कोण देवनहळ्ळीला, कोण बोम्मसंद्राला. कधी आल्या तर माझं दार कुठलं, कळायला नको?"



परवा ऑफिसला निघालो, तर अक्का रांगोळीपाशी उभ्या होत्या. मधोमध स्कूटरच्या चाकाचा माग होता. पार्सलवाल्याला तिथं स्कूटर वळवताना मी मघाशी जिन्यातून पाहिलं होतं. आता त्या चिडणार, असं मला वाटलं.

अक्कांनी त्या मागाकडे पाहिलं, मग गेटकडे.

"कोण आलतं हो?" त्यांनी मला विचारलं. "स्वल्प, थोडं थांबा म्हणायचं नाही का?"